‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ : चौकटीबाहेर राहिलेली भेट

दहशतवादाला शासनाने कोणते उत्तर द्यावे, शस्त्राचे की संवादाचे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा अग्रलेखांत आणि निवडणुकीच्या सभांत चर्चिला जातो. कलाकृतीच्या पातळीवर त्याची गंभीर मांडणी झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. जिल्लो पोन्तेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाचा ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ हा १९६६ सालचा चित्रपट त्या थोड्यांत अग्रस्थानी बसावा असा आहे. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला ‘सुवर्णसिंह’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा फ्रेंच प्रतिनिधी निषेधार्थ उठून गेले. फ्रान्समध्ये तो कित्येक वर्षे प्रदर्शित होऊ शकला नाही. पुढे, इराकमध्ये अमेरिकन सैन्य शिरल्यानंतर काही महिन्यांनी, ऑगस्ट २००३ मध्ये, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने तो आपल्या अधिकाऱ्यांना मुद्दाम दाखवला. क्रांतिकारकांनी आणि क्रांती दडपणाऱ्यांनी सारख्याच आस्थेने पाहिलेला दुसरा चित्रपट सहसा सांगता येणार नाही.

या चित्रपटाचा गौरव करताना समीक्षक त्याच्या समतोलाचा उल्लेख आवर्जून करतात. तो समतोल खरा आहे. परंतु तो दोन पक्षांतला समतोल आहे, आणि अल्जिअर्सच्या त्या वर्षांत दोनच पक्ष नव्हते. बाँब ठेवणारे आणि बाँब ठेवणाऱ्यांना चिरडणारे यांच्याखेरीज तिथे आणखी काही माणसे होती. त्यांनी बोलून पाहिले, एकदा त्यांना यशही दिसू लागले होते. चित्रपटात या माणसांना स्थान नाही. प्रस्तुत लेखात या अभावाचा विचार करावयाचा आहे, कारण माझ्या मते चित्रपटाचा निष्कर्ष या अभावामुळेच अपुरा राहतो.

प्रथम पार्श्वभूमी. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियावर स्वारी केली आणि पुढे तो देश वसाहत न मानता फ्रान्सचाच भाग ठरवला. सुमारे दहा लाख युरोपीय वंशाचे रहिवासी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांच्या कित्येक पटींनी अधिक असलेल्या मुस्लिम जनतेला मात्र बरोबरीचे राजकीय हक्क नव्हते. १ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने सशस्त्र उठाव पुकारला. जून १९५६ मध्ये अल्जिअर्सच्या तुरुंगात आघाडीच्या दोघा कैद्यांचा गिलोटीनखाली शिरच्छेद झाला. त्याच्या सुडादाखल शहरात युरोपीयांवर गोळीबार झाले. १० ऑगस्टच्या रात्री युरोपीय जहालांनी कासबा या दाट मुस्लिम वस्तीतील र्यू द तेब या गल्लीत स्फोट घडवून झोपलेली कुटुंबे मारली. ३० सप्टेंबर रोजी आघाडीच्या तीन तरुणींनी युरोपीय वेश करून टोपल्या-पिशव्यांतून बाँब नेले आणि गजबजलेल्या ठिकाणी ठेवले. जानेवारी १९५७ मध्ये शासनाने शहरातील पोलिसी अधिकार जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी सैनिकांच्या हाती सोपवले. या लढाईचा हा चित्रपट आहे.

त्याचे कलात्मक यश वादातीत आहे. कृष्णधवल, काहीसे खरबरीत छायाचित्रण इतके वृत्तपटासारखे आहे की खऱ्या वृत्तपटाचा एकही तुकडा यात वापरलेला नाही, असे प्रेक्षकांना आरंभीच सांगावे लागले. बहुतेक सर्व नट हौशी, त्याच शहरातील रहिवासी. तरी ही वास्तवाची प्रतकृती नव्हे, हे ध्यानात ठेवणे इष्ट. चित्रपटात तीनही बाँब फुटतात; प्रत्यक्षात विमान कंपनीच्या कार्यालयातील तिसरा फुटलाच नव्हता. पटकथाकार फ्रांको सोलिनास आणि दिग्दर्शक यांनी घटना निवडल्या आहेत, जुळवल्या आहेत, काही बदलल्या आहेत. हा कलावंताचा अधिकारच होय. मात्र ज्याने निवड केली त्याला त्या निवडीचा जाबही विचारता येतो.

बाँबचा प्रसंग या चित्रपटाच्या नैतिक प्रामाणिकपणाची साक्ष आहे. उपाहारगृहात शिरलेली तरुणी बाँब ठेवण्यापूर्वी सभोवार पाहते. कॅमेरा तिच्या नजरेबरोबर एकेका चेहऱ्यावरून फिरतो : आइस्क्रीम खाणारे लहान मूल, गप्पा मारणारे तरुण, नाचणारी जोडपी. मरणार आहेत ती ही माणसे. स्वातंत्र्यलढ्याची बाजू घेणाऱ्या दिग्दर्शकाने आपल्या नायिकेला आणि आपल्यालाही हे चेहरे पाहायला लावले आहेत. कासबातील ढिगाऱ्यातून मुस्लिम बालकांची कलेवरे निघतात तेव्हा जे गंभीर, चर्चमधील ऑर्गनची आठवण देणारे संगीत वाजते, तेच युरोपीय मृतांसाठीही वाजते. दुःखाला राष्ट्रीयत्व नसते हे इथे शब्दांवाचून सांगितले गेले आहे.

दुसऱ्या बाजूलाही असाच न्याय मिळतो. सैन्याचा प्रमुख कर्नल मात्यू हे काल्पनिक पात्र आहे. रूढ खलपुरुषाचा लवलेश त्याच्यात नाही. तो बुद्धिमान आहे, शिस्तीचा आहे, प्रतिपक्षाविषयी त्याला आदर आहे. पत्रकार परिषदेत छळाविषयी आडून आडून प्रश्न विचारले जातात तेव्हा तोच पत्रकारांना प्रतिप्रश्न करतो : फ्रान्सने अल्जीरियात राहावे असे तुम्हाला वाटते का? वाटत असेल, तर त्यासाठी जे करावे लागते तेही पत्करा. आम्हाला नाझी म्हणणाऱ्यांना ठाऊक नाही, असेही तो सुनावतो, की आमच्यातील कित्येक जण डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून जिवंत परतले आहेत. या उत्तरानंतर सभागृह निरुत्तर होते, प्रेक्षकही होतो.

शस्त्राच्या बाजूचा युक्तिवाद याहून समर्थपणे क्वचितच कुणी मांडला असेल, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. उपाहारगृहात बाँब फुटत असताना शासनाने स्वस्थ बसावे असे कोणी म्हणू शकत नाही. नागरिकांचे रक्षण हे राज्यसंस्थेचे पहिले कर्तव्य आहे, आणि सैन्याने ते एका अर्थी पार पाडले. सप्टेंबर १९५७ मध्ये अल्जिअर्समधील संघटनेचा सूत्रधार सादी यासेफ पकडला गेला, ८ ऑक्टोबर रोजी अली ला पॉइंत याचे लपण्याचे ठिकाण स्फोटाने उडवण्यात आले आणि शहरातील बाँबसत्र थांबले. त्याची किंमत काय पडली? त्या वेळचे पोलिस प्रशासनाचे सचिव पॉल तेतजेन यांनी ठेवलेल्या हिशेबानुसार पकडल्या गेलेल्यांपैकी ३,०२४ माणसे बेपत्ता झाली.

चित्रपट या युक्तिवादाला उत्तर देतो ते इतिहासाच्या तोंडून. अली मारला जातो, लढाई संपते, आणि मग एकाएकी आपण डिसेंबर १९६० मध्ये येतो. कासबातून, उपनगरांतून हजारो लोक झेंडे घेऊन रस्त्यावर उतरतात. त्यांना कोणी बोलावलेले नसते. दोन वर्षांनी स्वातंत्र्य आले, एवढे निवेदक सांगतो आणि चित्रपट संपतो. लढाई जिंकून युद्ध हरता येते, हा त्याचा बोध. तो खरा आहे. पण १९५७ आणि १९६० यांच्या मध्ये, आणि १९६० व १९६२ यांच्या मध्ये, काय घडले? चित्रपटाच्या मांडणीत इतिहास पुराच्या पाण्यासारखा येतो : बांध घातला, काही काळ थांबला, मग फोडून गेला. माणसांनी काही ठरवले, काही नाकारले, एखादी संधी हातची घालवली, असे त्यात कुठेच दिसत नाही.

म्हणूनच हा चित्रपट परस्परविरोधी प्रेक्षकांना आपापला धडा देऊ शकतो. बंडखोराने पाहिला तर गुप्त संघटना कशी बांधावी हे त्याला कळते. सेनाधिकाऱ्याने पाहिला तर ती कशी फोडावी हे त्याला कळते. टेबलाशी बसणाऱ्याला मात्र यातून काही मिळत नाही, कारण चित्रपटात टेबलच नाही. आणि अल्जिअर्समध्ये ते होते.

२२ जानेवारी १९५६ रोजी, म्हणजे उपाहारगृहांत बाँब फुटण्यापूर्वीच, आल्बेर काम्यू अल्जिअर्समध्ये सभेसमोर उभा राहिला. तो त्याच भूमीत जन्मलेला, गरीब युरोपीय कुटुंबातला. त्याची मागणी अतिशय माफक होती. युद्ध थांबवा असे त्याने म्हटले नाही. दोन्ही पक्षांनी निरपराध नागरिकांना तरी वगळावे, एवढेच त्याने मागितले. सभागृहाबाहेर युरोपीय जमाव त्याच्या मृत्यूच्या घोषणा देत होता. शासनाने त्याचे ऐकले नाही, आघाडीनेही नाही. काम्यूचा प्रस्ताव भाबडा ठरवून बाजूला टाकण्यात आला.

पण तो तितका भाबडा नव्हता हे दीड वर्षाने सिद्ध होण्याची वेळ आली. जर्मेन तियों या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने तरुणपणी अल्जीरियाच्या डोंगराळ भागात संशोधन केले होते. दुसऱ्या महायुद्धात नाझीविरोधी प्रतिकारात भाग घेतल्याबद्दल त्यांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत टाकण्यात आले. त्यांच्या आईचा तिथेच अंत झाला. १९५५ मध्ये त्यांनी अल्जीरियात शिक्षण व आरोग्यसेवा देणारी सामाजिक केंद्रे उभी केली. ४ जुलै १९५७ रोजी, सैन्य ज्याला गल्लोगल्ली शोधत होते त्या सादी यासेफशी कासबातील एका घरात त्यांची गुप्त भेट झाली. भेट कित्येक तास चालली. तुम्ही खुनी आहात, निरपराधांचे रक्त तुमच्या हातांवर आहे, हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितले. त्याने ते झटकून टाकले नाही. शासन देहदंड थांबवणार असेल तर नागरिकांवरील हल्ले आपण थांबवू, असा शब्द त्याने दिला. काम्यूची मागणी आता बाँबच्या सूत्रधाराच्या तोंडून येत होती.

तियों यांनी हा निरोप पॅरिसला पोहोचवला. सत्ताधाऱ्यांनी ऐकून घेतले, परंतु देहदंड थांबले नाहीत; त्याच महिन्यात गिलोटीन पुन्हा चालले. तियों यांच्या सांगण्याप्रमाणे त्यानंतर यासेफच्या गटाचे जे बाँब फुटले त्यांनी कोणाचा जीव घेतला नाही. ऑगस्टमध्ये त्या त्याला पुन्हा भेटल्या. सप्टेंबरमध्ये तो पकडला गेला आणि त्याला देहदंडाची शिक्षा झाली. त्याचा जीव वाचवण्यासाठी तियों यांनी खटपट केली, आणि पुढे द गॉल यांनी ती शिक्षा रद्द केली.

इथे एक विलक्षण योगायोग नोंदवला पाहिजे. ‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ची निर्मिती ज्या अल्जीरियन संस्थेने केली ती याच सादी यासेफची. त्याच्याच आठवणींवर चित्रपटाचा मूळ आराखडा आधारलेला, आणि त्यातील जाफर ही भूमिका, म्हणजे वस्तुतः स्वतःचीच भूमिका, त्याने स्वतः केली आहे. एका क्षमेमुळे जिवंत राहिलेल्या माणसाने हा चित्रपट उभा केला. पण ज्या भेटीत त्याने नागरिकांना वगळण्याचा शब्द दिला ती भेट त्यात नाही. असे का व्हावे, याविषयी तर्कच करता येतो. नव्या राष्ट्राला आपल्या जन्मकथेत तडजोडीचा प्रसंग नको असतो. नाट्याच्या दृष्टीनेही अडचण होती : मात्यू आणि जाफर या दोन समान उंचीच्या प्रतिस्पर्ध्यांमध्ये एका प्रौढ विदुषीला आणून बसवले असते तर कथेची ताण धरलेली तार सैल पडली असती. कारणे समजण्यासारखी आहेत. तरीही त्या एका प्रसंगाने चित्रपटाचे नैतिक विश्व पालटून गेले असते. बाँब अटळ होता, छळ अटळ होता, असे वाटण्याची मुभा मग आपल्याला उरली नसती.

दुसरा अभाव फ्रेंच बाजूचा आहे, आणि आपल्या वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. चित्रपटातील सैन्यात मात्यूला विरोध करणारा एकही आवाज नाही. वास्तवात जनरल पारिस द बोलार्दिएर यांनी मार्च १९५७ मध्ये मास्यू यांच्या पद्धती अमान्य करून पदमुक्ती मागितली. तसे जाहीरपणे लिहिल्याबद्दल त्यांना साठ दिवसांची किल्ल्यातील कैद झाली. पॉल तेतजेन यांनी त्याच महिन्यात राजीनामा लिहिला. गेस्टापोच्या तळघरांत आपण स्वतः जे सोसले त्याच्याच खुणा आपल्याला कैद्यांच्या अंगावर दिसल्या, हे त्यांनी दिलेले कारण. तेतजेन डाखाऊहून परतले होते. मात्यू छळछावण्यांतून परतलेल्यांची साक्ष आपल्या बाजूने काढतो. पण डाखाऊच्या तेतजेन यांनी आणि राव्हेन्सब्रुकच्या तियों यांनी त्याच अनुभवातून नेमका उलट निष्कर्ष काढला होता. चित्रपटाने ही साक्ष एकाच पक्षाला बहाल केली आणि पत्रकार परिषदेतील वाद मात्यूला फार स्वस्तात जिंकू दिला.

बोलार्दिएर आणि तेतजेन हे दोघेही श्रद्धावंत कॅथलिक होते. अल्जिअर्सचे आर्चबिशप, पुढे कार्डिनल झालेले, लेओं-एतिएन द्युवाल यांनी १९५५ पासूनच छळाचा जाहीर निषेध केला. त्याबद्दल त्यांच्याच युरोपीय धर्मबांधवांनी त्यांना ‘मोहंमद द्युवाल’ म्हणून हिणवले. हा वारसा अभिमानाचा आहे. परंतु अर्धेच सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मास्यू हेही कॅथलिकच होते, आणि त्यांच्या छत्रीधारी तुकडीचे धर्मगुरू फादर देलारू यांनी छळाचे नैतिक समर्थन करणाऱ्या लेखनाला हात लावला. एका गुन्हेगाराला तात्पुरती वेदना द्यावी की निरपराधांचा संहार होऊ द्यावा, अशी त्यांची मांडणी. हा युक्तिवाद नवा नाही. सर्वांच्या हितासाठी एकाचा बळी परवडतो हा हिशेब शुभवर्तमानात प्रमुख याजक कयफा मांडतो, आणि तो कोणाविषयी मांडला गेला हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या धर्मगुरूने उत्तम शुक्रवारी त्या छळाचे वाचन वेदीसमोर केले असेल त्याला हे साम्य दिसू नये, यापेक्षा भीतीची शक्ती सांगणारे दुसरे उदाहरण नको. मास्यू यांनी मात्र वार्धक्यात, २००० साली, युद्धात छळ अपरिहार्य नसतो अशी कबुली दिली. आघाडीचा नेता लार्बी बेन म्हिदी याने कोठडीत आत्महत्या केल्याचे १९५७ मध्ये जाहीर झाले होते. त्याला आपण मारले, हे जनरल ओसारेस यांनी २००१ मध्ये लिहिले, आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ते अधिकृतपणे मान्य करण्यास १ नोव्हेंबर २०२४ उजाडला.

आता संवादाच्या बाजूचीही कठोर तपासणी केली पाहिजे, कारण वाटाघाटी म्हणजे जादूची कांडी नव्हे. जून १९६० मध्ये मेलुं येथील पहिली बोलणी फिसकटली. एव्हिआं या सरोवराकाठच्या गावी बोलणी ठरली, तर युरोपीय जहालांच्या गुप्त सेनेने ३१ मार्च १९६१ रोजी त्या गावाच्या महापौरांनाच स्फोटात ठार केले. करारावर सह्या झाल्या १८ मार्च १९६२ रोजी. त्याच्या तीनच दिवस आधी त्या गुप्त सेनेने तियों यांनी स्थापलेल्या सामाजिक केंद्रांच्या सहा अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या. त्यांत काम्यूचा मित्र, कादंबरीकार मुलूद फेराउन होता. करारानंतरही फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या हजारो अल्जीरियन मुस्लिमांची कत्तल झाली, आणि लाखो युरोपीय रहिवासी एका उन्हाळ्यात जन्मभूमी सोडून गेले. हे सारे संवादाचे अपयश म्हणावे का? मला वाटते, हे विलंबाचे फळ आहे. १९५६-५७ मध्ये बोलणाऱ्यांना ऐकणारे कोणी असते तर तडजोडीला अद्याप जागा होती. १९६२ पर्यंत दोन्ही समाजांत एकत्र राहण्याची इच्छाच जळून गेली होती.

प्रत्येक दहशतवादी गट सादी यासेफसारखा शब्द देईल असेही नाही. ज्याची मागणी या जगातली आहे आणि ज्याच्यामागे लोक आहेत, त्याच्याशी बोलता येते. केवळ संहार हेच ज्याचे उद्दिष्ट, त्याला पोलिसांनी पकडावे आणि न्यायालयाने शिक्षा करावी. परंतु कोण कोणत्या प्रकारचा, हे तियों यांच्यासारखे कोणीतरी जाऊन बसल्याखेरीज कळत नाही. आणि पोलिसांनाही कायद्याच्या मर्यादा ओलांडून सत्य हाती लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा अल्जिअर्सपुरता नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वसई-विरारच्या बाजूला राहणाऱ्या वाचकाला त्या संध्याकाळची आठवण करून देण्याची गरज नाही. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या साऱ्यांची दोषसिद्धी रद्द केली. कबुलीजबाबांसाठी छळ झाल्याची बचाव पक्षाची बाजू न्यायालयाला पटली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देण्यास स्थगिती दिली. अंतिम निर्णय काहीही होवो, एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या आप्तांना ‘हे कोणी केले’ याचे निश्चित उत्तर मिळालेले नव्हते. छळाने उत्तर लवकर मिळते असे मात्यू म्हणतो. त्याने लवकर मिळते ते केवळ एक वाक्य, आणि ते खरे आहे की नाही हे ठरवण्यात एक पिढी निघून जाते.

‘बॅटल ऑफ अल्जिअर्स’ ही थोर कलाकृती आहे, आणि वरील विवेचनाने तिचे थोरपण उणावत नाही. बाँब ठेवणाऱ्या तरुणीला बळींचे चेहरे पाहायला लावणारा दिग्दर्शक विरळा. तरुणांनी तो चित्रपट पाहावा, शक्य तर एकत्र बसून पाहावा आणि नंतर चर्चा करावी. त्या चर्चेत मात्यूचा प्रश्न कोणीतरी विचारेलच : शासनाने दुसरे काय करायला हवे होते? त्या वेळी ४ जुलै १९५७ च्या भेटीची हकिगत तिथे सांगितली जावी. एका स्त्रीने काय केले आणि एका शासनाने काय करायचे नाकारले, हे त्या हकिगतीत आहे, आणि मात्यूच्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच शोधायला लागावे.